हशाची जागा

नवरा नाटककार आहे हे बाईंनी कधी फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. कुणाचा नवरा घोरतो, कुणाचा सकाळभर चष्मा शोधतो, त्यांचा नाटकं लिहायचा. शिवाय त्यातलं एक असं काही जमून गेलं होतं की त्याच्या जिवावर घर झालं, मुलगी शिकून मार्गाला लागली आणि बाईंना बाजारात भाजीवालीसुद्धा 'काकू' म्हणून हाक मारायला लागली.

नाटकाचं नाव 'कडी'. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. एका घरातले मोठे काका आंघोळीला जातात आणि आत अडकतात. कडी काही निघत नाही. मग पुतणीचं लग्न ठरवणं, भावाभावांची भांडणं, शेजाऱ्याची चोंबडेगिरी, सगळं त्या बंद दारातून चालतं. काका शेवटपर्यंत दिसत नाहीत, नुसता आवाज. पडदा पडतो तेव्हाही ते आतच असतात आणि आतूनच रात्री जेवायला काय करायचं ते सांगत असतात. बास. उपदेश नाही, संदेश नाही, कुणाच्या डोळ्यांत अंजन घालायची भानगड नाही. लोक यायचे, पोट धरून हसायचे आणि आपापल्या घरी जायचे.

बाई त्यात काकू व्हायच्या. पहिल्या अंकात घरभर नुसती पळापळ. कुणी सुताराला बोलवा म्हणतं, कुणी अग्निशामक दलाला, आणि काकू आपल्या कोपऱ्यात स्वेटर विणत बसलेल्या. सगळे ओरडून दमले की त्या मान वरसुद्धा न करता म्हणायच्या, "आत टॉवेल आहे का विचारा त्यांना." झालं. नाट्यगृह कोसळायचं. पुढचं वाक्य घ्यायला बाईंना थांबावं लागायचं, आणि ते थांबणं हीच त्यांची खरी विद्या. लवकर बोललं की हशा मरतो, उशीर झाला की नट मरतो. नाटकवाले त्याला हशाची जागा म्हणतात. ही जागा बाईंना कुणी शिकवली नव्हती, त्यांना ती आपोआप कळायची. दिवस कसाही जावो, घरी भांडण होवो, ताप असो, त्या हशात उभं राहिलं की बाईंना आपण जिवंत आहोत असं वाटायचं.

नाटककारांचा नियम एकच, पदरचं वाक्य घालायचं नाही. एका नटाने एकदा 'अरे बापरे' जास्तीचं म्हटलं होतं, त्याला मध्यंतरात जे ऐकून घ्यावं लागलं त्याने त्याचं नाट्यवेड कायमचं उतरलं. बाईंनीही इतक्या वर्षांत एक 'बरं का' कधी घुसडलं नाही. बायको झाली म्हणून काय झालं.

तर अशा भरल्या संसारात नाटककारांनी एक दिवस आपलं राजकीय मत सांगितलं.

सांगायचं काही कारण नव्हतं. सत्काराचा समारंभ होता, मंचावर मंत्री होते, हारतुरे होते. मंत्र्यांनी भाषणात लाडात येऊन म्हटलं, "एवढा मोठा कलावंत आणि तो आमच्याच विचारांचा, याचा आम्हाला अभिमान आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाटककार उठले, माइकपाशी गेले आणि शेजारच्या खुर्चीतल्या मंत्र्यांकडे बघत शांतपणे म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे. तेवढं विचारांचं सोडून बोला. मी तुम्हाला मत दिलेलं नाही आणि देणारही नाही." आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

बाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांचा ऊर असा भरून आला की विचारू नका. हा माणूस घरी नळ दुरुस्त करणाऱ्यालाही काही बोलायचा नाही, आणि इथे मंत्र्याच्या तोंडावर सांगून मोकळा. आपण कुणाशी लग्न केलं ते बाईंना त्या दिवशी नव्याने कळलं.

लोकांनाही कळलं. पुढच्या आठवड्यात एका नाट्यगृहाने कळवलं की छताचं काम निघालंय, तुमची तारीख देता येत नाही. दुसऱ्याचंही छतच निघालं. तिसऱ्याचं छत परवाच नवीन झालं होतं, म्हणून त्यांची पाण्याची टाकी फुटली. एका माणसाने मत काय सांगितलं, शहरातली सगळी नाट्यगृहं गळायला लागली. ज्या समीक्षकाने 'कडी'ला आपल्या रंगभूमीचा हसरा मानदंड म्हटलं होतं त्याला एकाएकी साक्षात्कार झाला की हे नाटक मुळात उथळ आहे आणि लोक इतकी वर्षं चुकून हसले. एका निर्मात्याने तर कमालच केली. दुकानात नाटककार समोरून येताना दिसले तसा तो साबणांच्या मांडणीआड शिरला, आणि ते निघून जाईपर्यंत तिथेच साबणाचे वास घेत उभा राहिला.

सगळ्यांत पुढे गेले ते नटवर्य. बंद दारामागचा काकांचा आवाज त्यांचाच. नवखे होते तेव्हा नाटककारांनी त्यांना दाराआड उभं केलं, आवाजामुळे नाव झालं, मग मालिका मिळाल्या आणि आता रस्त्यात लोक त्यांच्याबरोबर फोटो काढायचे. त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी म्हणे बोलायची सक्त मनाई केली. त्याच संध्याकाळी ते टीव्हीवर तासभर बोलले, 'कलावंताने राजकारणापासून लांब राहावं' या विषयावर, आणि त्यांच्या शेजारी मंत्री बसले होते.

घरात नाटककारांची थोरली बहीण असायची, बाईंच्या वन्सं. त्यांनी भावाला समोर बसवून झापलं. "तुला रे मेल्या मतं कशाला हवी होती? विनोदी लिहितोस तर विनोदी बोलावं. दोन ओळी लिही, चुकलो म्हण आणि मोकळा हो."

"नाही लिहिणार," नाटककार म्हणाले.

"मग खा काय खायचं ते."

नाही लिहिलं त्यांनी. बाई बँकेच्या फोनवर बोलणाऱ्या पोरापोरींना उच्चार शिकवायला जायला लागल्या. दिवसभर 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य शंभर तोंडांतून घासूनपुसून घ्यायचं. त्यात हशाची जागा कुठून असणार. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना टॉवेलचं वाक्य आठवायचं आणि कधी कधी रडूही यायचं, पण नवऱ्याला त्यांनी कधी बोल लावला नाही. उलट वन्संपुढे त्या ताठ मानेने म्हणायच्या, "माझा माणूस खरं बोलला, त्याचं मला काही वाटत नाही." वन्सं म्हणायच्या, "तुला नाही वाटत, मला वाटतं. सकाळी चहाला दूध कमी पडलं की वाटतं."

मग निवडणुका झाल्या आणि सरकार पडलं.

काय सांगायचं, चार दिवसांत सगळी छपरं गळायची थांबली. टाक्या आपोआप सांधल्या. नाटककारांच्या दारात चपला ठेवायला जागा उरली नाही. साबणवाला निर्माता आला. समीक्षक आला आणि म्हणाला की 'कडी' उथळ आहे असं त्याने लिहिलं होतं ते खरं तर त्या सरकारला चकवण्यासाठी लिहिलं होतं. आणि नटवर्य आले. हातात फुलं, डोळ्यांत पाणी, आवाज खणखणीत. "मी आतून कायम तुमच्याच बरोबर होतो," ते म्हणाले आणि नाटककारांच्या गळ्यात पडले. बाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं, बरोबर आहे, याला आम्हीच दाराआड उभं राहायची सवय लावली.

'कडी' परत करायची ठरली, पण आता ती साधी कडी राहिली नव्हती. नवा दिग्दर्शक आला होता, विचार करणारा. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना गोल बसवून सांगितलं की न्हाणीघर म्हणजे देश, काका म्हणजे जनता आणि कडी म्हणजे गेलेली सत्ता. शेजारी म्हणजे परकीय शक्ती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणि टॉवेल?" बाईंनी विचारलं.

दिग्दर्शकाने डोळे मिटले. "टॉवेल म्हणजे अस्मिता."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस आता याला उभा चिरणार असं त्यांना वाटलं, कारण टॉवेल म्हणजे टॉवेल हे तो लिहिताना बाई शेजारीच बसल्या होत्या. पण नाटककारांनीही मान डोलावली. पुढे दिग्दर्शक म्हणाला की शेवट बदलायचा, काका आतच राहिले तर लोकांचा धीर सुटेल. शेवटी काकांचं आतून एक भाषण होईल, स्वातंत्र्यावर, मग दोन्ही हातांनी दार ढकलून ते बाहेर येतील, मूठ वर, मागे संगीत, पडदा. नटवर्यांचा चेहरा उजळला. आयुष्यभर त्यांना हे दार सलत होतं. भाषण तर त्यांच्या खिशात तयारच होतं.

घरी बाईंनी विषय काढला. "अहो, ते भाषण तुमच्या संहितेत नाही."

"काळाची गरज असते," नाटककार म्हणाले.

"तुम्ही एक 'अरे बापरे' चालवून घेतलं नव्हतं."

"ते वेगळं होतं."

काय वेगळं ते वन्संनी सांगितलं. मध्यवर्ती नाट्यमंडळाच्या अध्यक्षाची खुर्ची रिकामी झाली होती. जुन्या अध्यक्षांची मतं जुनी निघाली, त्यांना नारळ मिळाला. नव्या मंत्र्यांच्या मनात नाटककारांचं नाव होतं आणि 'कडी'च्या एका दुपारच्या प्रयोगाला मंत्री स्वतः येऊन तिथेच ते जाहीर करणार होते. नाटककार त्या कचेरीत सहज म्हणून एक चक्कर मारून आले होते. खोलीला मोठी खिडकी आहे आणि खिडकीतून झाडं दिसतात, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाईंना त्यात वावगं वाटलं नाही. इतकं सोसलं, आता झाडं बघितली तर कुठे बिघडलं.

बिघडलं ते दुसरीकडे. प्रयोग सुरू झाले, नाट्यगृहं भरली आणि कुणी हसेना.

पहिल्या प्रयोगात बाईंनी टॉवेलचं वाक्य टाकलं आणि सवयीने थांबल्या. क्षणभर शांतता. मग कडाडून टाळ्या. हशाचा पत्ता नाही. लोक गंभीर तोंडं करून टाळ्या वाजवत होते, मागे दोघंचौघं उभे राहिले होते. बाईंना कळेना की आपलं काय चुकलं. पुढच्या प्रयोगात त्यांनी आवाज खाली घेतला, टाळ्या. विणकाम थांबवून म्हटलं, जास्त टाळ्या. एका प्रयोगानंतर कुणी एक बाई मेकअपच्या खोलीत आली, बाईंचे दोन्ही हात धरून रडली आणि म्हणाली, "तुम्ही टॉवेल म्हणालात आणि मला एकदम आपल्या सगळ्यांचं उघडेपण जाणवलं." बाईंनी तिला रुमाल दिला. दुसरं काय करणार.

टाळी माणूस ठरवून वाजवतो. हसू तसं नसतं, ते येतं नाहीतर येत नाही. बाईंनी उभा जन्म त्या न ठरवता येणाऱ्या गोष्टीवर काढला होता आणि आता त्यांच्यापुढे शेकडो लोक ठरवून बसलेले असायचे.

"वन्सं, मी सोडणार," त्या एका सकाळी म्हणाल्या. "मंत्र्यांच्या प्रयोगाला एक तरी हशा आला तर ठीक. नाहीतर तोंडाला रंग लावणं बंद. मग मी आपली बँकेतच बरी."

"हे बघ," वन्सं म्हणाल्या, "तुझं हसू राहू दे बाजूला. त्या दिवशी त्याची खुर्ची आहे. गंभीर नाटक गंभीरपणे पार पडू दे. गप उभी राहा, टाळ्या घे आणि घरी ये. दुधाचं माझ्यावर सोड."

आता दाराविषयी सांगायला हवं. तालमीत दार नसतं. जमिनीवर खडूची रेघ मारतात आणि हे दार असं समजून सगळे चालतात. नटवर्य महिनाभर त्या रेघेमागे उभं राहून हवेतलं दार दोन्ही हातांनी ढकलत होते. छाती पुढे, मान वर, असं काही ढकलायचे की बघणाऱ्याला दोन टनांचं दार दिसावं. पुढे प्रयोग सुरू झाले तेव्हाही खरं दार तयार नव्हतं, तोवर चौकटीला काळा पडदा लावून भागवलं. खरं दार मंत्र्यांच्या प्रयोगासाठी आलं, शिसवी रंगाचं, जाडजूड. बाहेरच्या बाजूला सोफा होता, दार बाहेर उघडलं असतं तर सोफ्यावर आपटलं असतं, म्हणून सुताराने ते आत उघडणारं केलं. दिग्दर्शकाला सांगितलंही. दिग्दर्शक तेव्हा प्रकाशाचा विचार करत होता, तो 'हं' म्हणाला. आदल्या दिवशी रंगीत तालीम होती, पण नटवर्य बाहेरच्या दालनात मुलाखत देत होते. "दारच आहे ना, करून घेईन मी," ते म्हणाले.

प्रयोगाची दुपार आली. पहिल्या रांगेत मधोमध मंत्री, गोल चेहऱ्याचा बुटका माणूस, आणि त्यांच्या शेजारी नवीन कोट घालून नाटककार. टॉवेलच्या वाक्याला टाळ्या पडल्या. लग्नाच्या बोलण्यांना टाळ्या पडल्या. शेजारी चोंबडेपणा करायला आला तेव्हा तर मागून कुणीतरी 'धिक्कार' असं म्हणालं. बाई विणत होत्या आणि मनात म्हणत होत्या, चला, संपलं आपलं. काही झालं तरी आज त्यांची खुर्ची होतेय. तेवढं सुख पुष्कळ आहे.

शेवटचा प्रसंग आला. सगळ्या पात्रांनी पुतळ्यासारखं थिजून उभं राहायचं, तसे सगळे राहिले. दाराआडून नटवर्यांचं भाषण झालं, लांबलचक झालं. संगीत चढलं, दारावर झोत पडला आणि नटवर्यांनी दार ढकललं.

दार हललं नाही.

पुन्हा ढकललं. दार थरथरलं. लोकांना वाटलं, काय हा अभिनय, केवढी ही घुसमट, आणि टाळ्या सुरू झाल्या. आत नटवर्यांनी खांदा लावला असावा, कारण चौकटीवरचा रंग खाली पडायला लागला. टाळ्या वाढल्या. संगीत संपलं, पुन्हा पहिल्यापासून लावलं गेलं. लोक उभे राहायला लागले. दाराच्या फटीतून, फक्त मंचावरच्यांना ऐकू येईल अशी, कुजबूज आली. "अरे उघडा. खरंच अडकलोय मी."

विंगेत दिग्दर्शक दोन्ही हातांनी खूण करत होता, थांबा, तसेच थांबा. त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. बाईंनी दाराकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. बाहेरून बिजागऱ्या दिसत नव्हत्या, म्हणजे त्या आत होत्या. हा गृहस्थ आत उघडणारं दार जीव खाऊन बाहेर ढकलत होता.

आता बाईंनी काहीच करायचं नव्हतं. थोड्या वेळाने पडदा पाडला असता, नटवर्यांना मागून काढलं असतं, लोक डोळे पुसत बाहेर पडले असते, मंत्र्यांनी नाव जाहीर केलं असतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं, वन्संनी सांगितल्यासारखं. बाईंनी समोर बघितलं. नवऱ्याचा नवा कोट दिसला. आणि त्याच क्षणी त्यांना ती जागा सापडली. कितीतरी दिवसांनी, अगदी समोर, रिकामी. ती सोडून देणं त्यांच्याच्याने झालं नाही.

त्या थिजलेल्या पुतळ्यांतून हलल्या, सोफ्यावर बसल्या, लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला आणि दाराकडे न बघता काकूंच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, मघापासून ढकलताय काय? ओढा की."

टाळ्या थांबल्या. शांतता झाली. बाई थांबल्या, जेवढं थांबायला हवं तेवढंच. मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, त्याच्या शेजारच्याला राहवेना, आणि बघता बघता अख्खं नाट्यगृह फुटलं. तेवढ्यात दार आत ओढलं गेलं, अगदी बोटभर जोराने, आणि नटवर्य मूठ वर करून बाहेर आले. त्या मुठीने तर कहर झाला. लोक खुर्च्यांवरून घसरले. ज्याने 'धिक्कार' म्हटलं होतं त्याला शेजारचा पाठीत थापट्या मारत होता. नटवर्यांना मूठ खाली घ्यायचं सुचेना. बाई त्या हशात बसून होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मेले तरी चालेल आता, असं त्यांना झालं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आपल्या सुखात वाटेकरी दुसरा कोण असणार.

नाटककार हसत नव्हते. त्यांचे गाल ताणलेले होते, ओठ दातांखाली दाबलेले होते, आणि डोळे तिरके करून ते शेजारच्या खुर्चीकडे बघत होते. मंत्री हसतात की नाही, ते बघत होते. मंत्री हसत नव्हते. त्या एवढ्या गदारोळात दोघंच मयताला बसल्यासारखे बसले होते. बाईंचं सुख तिथल्या तिथे विरलं.

पडदा पडला, पुन्हा उघडला, माइक आला. आता खुर्ची गेली असं बाईंनी धरून ठेवलं होतं. पण मंत्र्यांनी भाषण केलं, नाटककारांच्या धैर्याबद्दल बोलले आणि नाव जाहीर केलं. टाळ्या झाल्या. नाटककारांनी वाकून हार घेतला, जरा जास्तच वाकून.

मंचावरून उतरताना मंत्री बाईंपाशी थांबले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "शेवटी मला असं हसू येत होतं म्हणून सांगू. पण हे शेजारी बसलेले, ते काही हसेनात. म्हटलं काहीतरी गंभीर अर्थ असणार, आपल्यालाच कळत नाही. म्हणून दाबून धरलं. माणूस मोठा पक्का आहे हो तुमचा. अध्यक्ष असाच हवा."

बाई मेकअपच्या खोलीत येऊन बसल्या. थोड्या वेळाने हार घातलेले नाटककार आत आले आणि कोटावरच्या पाकळ्या झटकत उभे राहिले.

"हसला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"साहेब शेजारी होते."

"मागचे साहेबही शेजारीच बसले होते. तेव्हा तर बोललात."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. ते आपले नव्हते." ते आरशात हार सारखा करायला लागले. "तुझं वाक्य चांगलं पडलं, नाही म्हणत नाही मी. पण पुढच्या प्रयोगापासून ते नको. संहितेत नाही ते."

"आणि भाषण? ते आहे का संहितेत?"

"भाषण राहू दे," नाटककार म्हणाले. "ते लोकांना हवंय."

बाईंनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. गळ्यात हार, नवा कोट, आणि चेहऱ्यावर तो थेट दिग्दर्शकासारखा मिटल्या डोळ्यांचा विचारीपणा. सगळं जग पाठ फिरवून उभं होतं तेव्हा हा माणूस त्यांचा होता. आता सगळं जग त्याच्या दारात उभं होतं आणि बाईंना तो कुठे सापडेना. त्यांना रडायचं होतं. पण आतून उमळून आलं ते हसू. आधी खांदे हलले, मग त्यांनी तोंडावर हात धरला, मग तोही काढून टाकला आणि त्या मोठमोठ्याने, थांबता येईना अशा हसायला लागल्या.

नाटककारांनी दचकून दाराकडे पाहिलं.

"हळू हस," ते म्हणाले. "साहेब अजून बाहेरच आहेत."